वाटेवरचं जातं

द्वारकाबाई मला आवडत नव्हत्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी डोळ्यांना पदर लावायच्या तयारीनं वाचायला बसणार नाही. जुन्या शिक्षकांबद्दल बोलायला लागले की लोक एकदम मऊ होतात. मारायचे, पण माया फार होती म्हणतात. द्वारकाबाईंच्या आत माया होती की आणखी काय होतं, ते मला वर्षभर त्यांच्याबरोबर राहून कळलं नाही. बाहेरून होत्या तेवढ्याच मला पुरून उरल्या.

मुरबाडला गावाच्या टोकाला, भाताच्या एका रिकाम्या वखारीत त्यांचा आंधळ्या मुलांचा वर्ग भरायचा. कल्याणच्या काही मंडळींनी तो काढला होता. सात मुलं तिथंच राहायची, तिथंच जेवायची. बहुतेकांचे डोळे देवीच्या साथीत गेलेले. बाईंचेही तसेच गेले होते, सातव्या वर्षी. मुंबईला एका अंधशाळेत शिकून, तिथंच काही वर्षं शिकवून त्या आपल्या तालुक्यात परत आल्या होत्या. मी गेले तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या असाव्यात. उंच, हाडापेरानं मोठ्या, तोंडभर देवीचे व्रण, लुगडं घोट्याच्या वर खोचलेलं आणि पाय बारा महिने अनवाणी.

मी शहापूरची. लढाई सुरू व्हायच्या साल-दोन साल आधीची ही गोष्ट. मी विसाव्या वर्षी विधवा होऊन दिराच्या घरी राहत होते. माहेरी वडिलांनी हौसेनं सातवीपर्यंत शिकवलं होतं, फायनलची परीक्षा मी पास झाले होते, आणि त्याचा उपयोग दिराच्या घरी धोब्याचे कपडे लिहिण्यापुरता होत होता. कल्याणच्या मंडळींना शहापूरलाही असाच वर्ग काढायचा होता. त्यासाठी एक डोळस, शिकलेली बाई हवी होती. अट एवढीच, की तिनं आधी वर्षभर द्वारकाबाईंच्या हाताखाली उमेदवारी करायची. दर महिन्याच्या शेवटी बाई माझ्या कामावर शेरा पाठवणार आणि वर्षअखेर त्या शेऱ्यांवर माझं ठरणार. पसंत पडले तर शहापूरचा वर्ग माझा, नाहीतर दिराचं घर.

निघताना जाऊ म्हणाली, "तुजी जागा मोडत नाय आमी. येशीलच परत." जागा म्हणजे मागच्या पडवीत सरपणाच्या माचाखालची. तिथं मी चार वर्षं झोपले होते. मुरबाडच्या त्या वर्षात बाई काही बोलल्या की मला आधी तो माच आठवायचा.

कल्याणहून सर्व्हिस मोटारीनं मी मुरबाडला उतरले, ट्रंक डोक्यावर घेऊन वखारीपाशी पोचले, तेव्हा बाई पायरी उतरत होत्या. मी ट्रंक टाकून धावले आणि त्यांचा हात धरला. त्यांनी तो असा हिसडला की माझा हात भिंतीवर आपटला.

"हात सोडा. मी मागितला होता का?"

"पायरी होती म्हणून..."

"पायरी काल पण होती. तुम्ही नव्हता." मग नाक वर करून म्हणाल्या, "उमेदवार बाई ना तुम्ही? दया आणली असेल बरोबर, ती बाहेर चपलांजवळ ठेवा. आत पोरं बसली आहेत, त्यांच्या पायात येईल."

वर्षभर त्यांनी मला उमेदवार बाईच म्हटलं. माझं नाव शांता आहे, हे त्यांना ठाऊक होतं. त्या नावानं त्यांनी मला कधीही हाक मारली नाही.

गावात बाईंबद्दल भलत्याच कथा होत्या. पावलांवरून माणूस ओळखतात, वासावरून पाऊस सांगतात, मनातलं कळतं त्यांना. सगळं झूट. मी स्वतः पाहिलं आहे, एकदा त्यांनी मला दूधवाली समजून पाणी घातल्याबद्दल चांगली पाच मिनिटं झापलं. मी मुद्दाम गप्प राहिले. शेवटी मी म्हटलं, "बाई, मी उमेदवार बाई," तर म्हणाल्या, "मग तुम्ही का ऐकून घेतलंत? पाणी घालता की काय तुम्ही पण?" चुकल्या की अशा पुढेच जायच्या. मागं येणं त्यांच्या पायांना माहीत नव्हतं.

पण शिकवणं? ते मात्र मला मान्य करावं लागतं, दात-ओठ खाऊन. त्यांची पोरं आठवड्याच्या बाजारात एकटी जायची आणि मीठ-मिरची घेऊन परत यायची. सुंभ वळायची, वेताच्या खुर्च्या विणायची, आणि कागदावर टोचलेल्या ठिपक्यांची लिपी बोटांनी भराभर वाचायची. त्यात ठकी नावाची, शेणवे गावची एक दहा वर्षांची मुलगी होती. तिचं उजव्या हाताचं पहिलं बोट ओळीवरून धावायला लागलं की बाई दुसरं काम थांबवून ऐकत बसायच्या. कौतुकाचा मात्र चकार शब्द काढायच्या नाहीत.

ती लिपी मलाही शिकायची होती. लोखंडी पट्टीत कागद धरायचा आणि टोचणीनं मागून उजवीकडून डावीकडे भोकं पाडायची, म्हणजे कागद उलटला की पुढून उठलेले ठिपके सरळ वाचता येतात. पहिल्या दिवशी मी आपली डावीकडून सुरुवात केली. बाईंनी कागदावरून बोट फिरवलं आणि हसल्या. ते हसू ऐकलं की अपमानासाठी वेगळा शब्द लागत नसे. "हे आरशातलं लिहिलंत," म्हणाल्या. "आरसा आमच्या कामाचा नाही."

वाचायला त्यांनी मला डोळे वापरू दिले नाहीत. डोळस माणूस ठिपक्यांची सावली बघून वाचतो, त्याची बोटं तशीच ठोंब राहतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून एक गोणपाटाची पिशवी केली होती. पान आत, माझे हात आत, आणि बाई समोर. चुकले की बाहेरून पिशवीवर पट्टी. महिनाभर माझ्या बोटांना त्या ठिपक्यांचं ओ की ठो कळलं नाही. मला घाम फुटायचा, आणि घाम फुटला की बोटं आणखीच बधिर व्हायची. समोर सात पोरं बसून ऐकायची. ठकी तर मधूनच मला सांगायची, "बाय, तिथं खाली अजून एक ठिपका हाय, सुटला तुमचा."

शेवटी मी लबाडी केली. बाई आंघोळीला गेल्या की उद्याचं पान काढून उजेडात धरायचे, डोळ्यांनी वाचायचे आणि पाठ करायचे. दुसऱ्या दिवशी पिशवीत हात घालून घडाघडा म्हणायचे. आठ दिवस हे छान चाललं. नवव्या दिवशी मी अशीच एका कोल्ह्याची गोष्ट वाचत होते, कोल्हा विहिरीत पडायला आला होता, आणि मला जाणवलं की पोरांत खुसखुस चालली आहे. मी थांबले.

"थांबू नका," बाई म्हणाल्या. "कोल्हा पडू द्या."

मी पुढं म्हटलं. कोल्हा पडला. मग बाईंनी पिशवीत हात घालून पान बाहेर काढलं आणि ठकीच्या पुढ्यात ठेवलं. त्या पानावर पाढे होते, एकोणतिसाचे.

"उमेदवार बाई, तुम्ही समोर आहे ते वाचत नाही. तुम्हाला सोयीचं असेल ते वाचता. डोळस माणसानं आमच्याजवळ येऊन हे केलं तर आम्ही कुठं जायचं? आमच्याकडं पडताळून बघायला काय आहे?"

हे त्या शांतपणे बोलल्या. पट्टीसुद्धा मारली नाही. मी त्या दिवशी मागच्या दारी जाऊन रडले, आणि खरं सांगायचं तर पश्चात्तापानं नव्हे, संतापानं रडले. एका आंधळ्या बाईनं पान बदललं आणि मला ते दिसलं नाही.

महिन्याचा शेरा हा एक वेगळाच तमाशा असे. बाईंना शाईनं लिहिता येत नव्हतं. त्यामुळे माझ्यावरचा शेरा त्या मलाच सांगत आणि मी तो माझ्याच हातानं लिहून घेत असे. "लिहा. उमेदवार बाई मेहनती आहेत, पण मेहनत दिसावी अशी त्यांची इच्छा असते. लिहिलंत? पुढं लिहा. बोटं जड. स्वभाव चोरटा." मी लिहायचे. लिहिताना माच आठवायचा, पण लिहायचे. शेवटी बाई आपला पितळी शिक्का उमटवत. तो उलटा पडला तर मी सांगत नसे. एवढाच काय तो सूड माझ्या हातात होता. कागद टपालात टाकायला मात्र त्या स्वतः जात, काठी न घेता. तिकडून यायला त्यांना बराच वेळ लागे. टपालमास्तरांशी गप्पा मारत बसत असतील अशी मी आपली समजूत करून घेतली होती.

आता वाटेबद्दल सांगते, कारण सगळं त्या वाटेवरच घडलं.

वखारीपासून विहीर दोनशे पावलांवर होती. वाट सरळ नव्हती. आधी करवंदीच्या कुंपणाच्या कडेनं जायचं, मग मध्येच डावीकडे वळायचं. न वळता सरळ गेलं तर मुरमाची जुनी खाण होती, दोन पुरुष खोल. बाईंनी तिथं दोरी बांधली नव्हती, कठडा केला नव्हता. त्यांनी वाटेत खुणा पेरल्या होत्या. सुरुवातीला विटांची एक ओळ, पुढं करवंदीची एक फांदी मुद्दाम न छाटलेली, खांद्याला घासणारी, आणि वळायच्या जागी फुटक्या जात्याची तळी, म्हणजे खालचा दगड, अर्धा जमिनीत पुरलेला. पायाला तळी लागली की डावीकडे वळायचं. नवं पोर आलं की बाई त्याला वाटेवर सोडून मागं उभ्या राहत आणि ओरडत, "मला नको इचारू. पायाला इचार!" चिडल्या किंवा रंगात आल्या की त्यांची मुंबईची भाषा गळून पडायची आणि मुरबाडची वर यायची.

त्या खुणांना पोरं ठेचकाळायची. ठकीच्या अंगठ्याचं नख दोनदा गेलं. मी तिच्या पायाला हळद लावत असताना एकदा बाईंना म्हटलं, "वाट जरा साफ केली तर?" त्या म्हणाल्या, "तुमच्या घरात दिवे असतात ना? ते लोकांच्या डोळ्यांवर येतात म्हणून विझवता का?" मला तो नुसता आडमुठेपणा वाटला. कोणीही डोळस माणूस वाटेत दगड दिसला की बाजूला करतो, त्यात विचार करण्यासारखं काय आहे, असं माझं मत होतं.

अकराव्या महिन्यात कल्याणहून पत्र आलं, मंडळींचे चिटणीस वर्ग बघायला येणार. माझं भवितव्य हाच माणूस ठरवणार होता. आदल्या दिवशी बाई वर्गातल्या मोठ्या मुलाला आणि ठकीला घेऊन बाजारात गेल्या, बाकीची पोरं पडवीत सुंभ वळत बसली आणि मी धर्माला हाक मारली. धर्मा हा वर्गाचा गडी. ओढ्यापलीकडच्या वाडीतला, चाळिशीचा, कमी बोलणारा. झाडलोट, लाकूडफाटा, सगळं तोच करायचा. मी त्याला म्हटलं, विटा काढ, फांदी छाट, आणि ते जातं उचलून कुंपणाबाहेर टाक. तो म्हणाला, "बायला इचारलं काय?" मी म्हटलं, "मी सांगते आहे ना." पुढं त्यानं विचारलं नाही. आम्ही दोघांनी मिळून वाट चोपली, वर मुरूम टाकला, कडेनं शेणाचा सडा घातला. वाट अशी नेटकी दिसायला लागली की मला स्वतःचाच अभिमान वाटला. चिटणीस म्हणतील, ही बाई कामाची आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ठकी कळशी घेऊन विहिरीवर निघाली. रोज जायची. तिच्या पायाला तळी लागलीच नाही. ती सरळ गेली.

तिची किंकाळी ऐकून मी धावले तेव्हा ती खाणीच्या तळाशी मुरमावर बसली होती आणि उजवा हात डाव्या हातानं धरून "जातं कुठंय? जातं कुठंय?" असं विचारत होती. जीव वाचला. मनगट मोडलं होतं. वाडीतल्या हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून बांधलं. हाड पुढं जुळलंही, पण ते पहिलं बोट वाकडंच राहिलं आणि त्यातली स्पर्शाची जाण गेली. चिटणीस त्या दिवशी आलेच नाहीत. त्यांना ताप आला होता.

दुपारी बाईंनी सगळ्यांना पडवीत बसवलं. आवाज नेहमीचाच. "जातं कोणी हलवलं?"

धर्मा खांबाशी उभा होता. तो म्हणाला, "मी, बाय."

"कोनाच्या सांगण्यावरून?"

धर्मानं माझ्याकडं पाहिलं. आम्ही दोघंच तिथं डोळस होतो. त्याचं ते पाहणं बाईंना दिसणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. तो वाट बघत होता. मी बोलायला हवं होतं. माझ्या डोळ्यांपुढं सरपणाचा माच आला, जावेचं तोंड आलं, आणि मी जमिनीकडं पाहायला लागले. मग तो म्हणाला, "माज्याच मनानं, बाय."

"मला खोटं सांगणारा माणूस या घरात नको," बाई म्हणाल्या. "जा तू."

धर्मानं खुंटीवरची घोंगडी आणि कोयता घेतला आणि तो गेला. जाताना त्यानं माझ्याकडं पुन्हा पाहिलं नाही.

तळी परत बसवायला बाईंनी मला हात लावू दिला नाही. स्वतः कुंपणाबाहेर गुडघ्यांवर चाचपडत ती शोधून काढली, पोरांना घेऊन ओढत आणली, पावलं मोजली, होती तिथं पुरली आणि विटांची ओळही पुन्हा लावली. मी पडवीतून बघत होते.

चार दिवसांनी महिना संपला. शेऱ्याचा कागद घेऊन मी समोर बसले. बाई सांगायला लागल्या. "लिहा. या महिन्यात वाटेवरची तळी काढल्यामुळं एका मुलीचा हात मोडला. तळी काढायचा हुकूम दिला तो..." इथं त्या थांबल्या. "इथं नाव घाला."

"कोणाचं?"

"तुम्ही डोळस आहात. तुम्ही बघितलं असेल. घाला."

खोलीत आम्ही दोघीच होतो. माझं नाव त्या कागदावर गेलं असतं तर त्याच आठवड्यात मी शहापूरच्या मोटारीत बसले असते, हे लख्ख दिसत होतं. मी टाक शाईत बुडवला आणि लिहिलं, धर्मा.

"घातलं?"

"घातलं."

बाईंनी हात पुढं करून कागद घेतला आणि लिहिलेल्यावरून बोट फिरवलं. असं त्या कधी करत नसत. शाई ओली होती, ती फरफटली आणि त्यांच्या बोटाला लागली. त्यांनी बोट लुगड्याला पुसलं, शिक्का उमटवला आणि त्या टपालात गेल्या.

उरलेला महिना त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. पाणी, लाकूडफाटा, झाडलोट, सगळं माझ्या अंगावर आलं. मला ते बरंच वाटलं, कारण काम करताना विचार येत नसे. वर्ष संपलं आणि कल्याणहून पत्र आलं की माझी नेमणूक झाली. मी ते तीनदा वाचलं. निघताना बाईंच्या पाया पडले. त्यांनी आशीर्वाद दिला नाही. म्हणाल्या, "शहापूरला वाटांत दगड फार. जपा."

मी शहापूरचा वर्ग नऊ वर्षं चालवला, आणि बरा चालवला. लढाईत कागद मिळेनासा झाला तेव्हा जुन्या कॅलेंडरांच्या पुठ्ठ्यांवर ठिपके टोचले. शहापूरच्या वाटेवर खुणा मी स्वतः पुरल्या. पण मुरबाडला फिरकले नाही. धर्माची वाडी वखारीपासून हाकेच्या अंतरावर होती. वर्षातून एकदा तरी मनात यायचं की जावं, त्याच्या दारात उभं राहून सांगावं. दरवेळी काहीतरी काम निघायचं. निघायचं नाही, मी काढायचे.

मग मंडळींनी मुरबाडचा वर्ग बंद करून मुलं शहापूरला आणायचं ठरवलं आणि सामान आणायला मला जावंच लागलं. तेव्हा माझ्या हाताखाली कमल नावाची एक उमेदवार मुलगी होती, तिला बरोबर घेतलं. बाई पडवीत बसल्या होत्या. केस पांढरे झालेले, अंग सुकलेलं, पाय तसेच अनवाणी. शेजारी ठकी बसली होती, आता एकोणीस-वीस वर्षांची. उजवा हात मांडीत ठेवून डाव्या हातानं वाचत होती, थोडं हळू, पण नीट.

"मी तिकडं येणार नाही," बाई म्हणाल्या. "माझी वाट हितं आहे. ठकीला न्या. लहान पोरांना ती शिकवील. रोज समोर असू द्या तुमच्या." मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्याकडं धरला. "हे सामानात धरू नका. हे तुमचं. वाचा."

घडीवरूनच मी ओळखला. माझं नऊ वर्षांपूर्वीचं अक्षर, उलटा पडलेला शिक्का आणि त्यांच्या बोटानं फरफटलेली शाई. म्हणजे तो कागद कल्याणला गेलाच नव्हता.

"मोठ्यानं वाचा," बाई म्हणाल्या. "ही नवी मुलगी पण ऐकू दे."

मी वाचायला लागले. तळी, मुलगी, हात, हुकूम. नावापाशी आले. समोर ठकी मान वर करून बसली होती, मागं कमल उभी होती. आता नोकरी जाणार नव्हती, माच कधीच मोडला होता. एवढ्या वर्षांनी का होईना, हे एकदा संपवावं असं मला फार वाटलं. मी म्हटलं, "हुकूम दिला तो शांताबाईंनी."

बाई हसल्या. तेच हसू.

"तिथं धर्मा आहे."

मी कागद खाली केला.

"टपालमास्तर माझा प्रत्येक कागद वाचून दाखवायचे, टाकण्याआधी. सगळे महिने मी सांगितलं तसंच तुम्ही लिहिलंत, स्वतःच्या तोंडाला काळं फासून. तेवढ्यावर मी तुम्हाला ठेवणार होते. आणि हा एक कागद." त्यांनी मान हलवली. "पोरांना मी त्या दिवशी सकाळीच इचारलं होतं. आदल्या दिवशी पडवीत सुंभ वळत बसली होती ती. डोळे गेलेत त्यांचे, कान नाय गेलेले. ‘धर्मा, ते जातं उचल,’ हे तुमचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं होतं. मी फक्त तुमची वाट बघत होते. आणि आज पण, नऊ वर्षांनी, माझ्यासमोर बसून जे लिहिलंय ते वाचत नाय तुमी. सोयीचं वाचता."

"पण आज खरं तेच बोलले मी," मी ओरडले.

"मी बोला म्हटलं नव्हतं. वाचा म्हटलं होतं."

मला संताप आला. कबुली द्यायलाही ही बाई मला जागा ठेवत नव्हती. मी म्हटलं, "मग ठेवलंत का मला? दुसरा शेरा कोणी लिहिला?"

"टपालमास्तरांनी. काम बरं आहे, असं लिवलं. दुसरी कोनी यायला तयार नव्हती."

"आणि धर्मा? तुम्हाला ठाऊक होतं ना की हुकूम माझा होता? मग त्याला का घालवलंत? मला बोलतं करायला?"

ठकीनं डाव्या हाताचं बोट ओळीवर थांबवलं. मग तीच हळू आवाजात म्हणाली, "धर्मा भट्टीवर गेला व्हता, बाय, विटांच्या. तिकडंच वारला. तीन पावसाळे झाले."

बाई उठल्या. कोपऱ्यातली कळशी उचलली आणि पडवी उतरून विहिरीच्या वाटेला लागल्या. कमल त्यांचा हात धरायला पुढं झाली, मी तिला मागं ओढलं. विटांच्या ओळीवरून त्यांचे पाय नीट गेले. फांदी खांद्याला घासली. तळीपाशी पोचल्या तशा थांबल्या. एक पाय तळीवर ठेवून त्या तिथंच उभ्या राहिल्या, आमच्याकडं पाठ करून, वळायला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ. मी हाक मारली नाही. मग त्या डावीकडं वळल्या आणि कुंपणाआड दिसेनाशा झाल्या.

माझ्या हातात तो कागद तसाच होता. त्यावर धर्माचं नाव होतं, माझ्या अक्षरात.